बारा पावलं

वस्तीतल्या मदतकेंद्राचा नियम साधा होता: दारापासून टेबलापर्यंत आधाराशिवाय चालून दाखवलं, तरच उसना दिलेला वॉकर परत घेणार. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी आई ती परीक्षा द्यायला आली होती. बाकावर एक काका त्याच वॉकरची वाट पाहत बसले होते. केंद्रात दुसरा शिल्लक नव्हता. मी सवयीने वॉकर तिच्यापुढे सरकवला. “तो मागे घे,” ती म्हणाली, “आणि तूही मागे हो.” मी पावलं मोजली. सातव्याला ती डगमगली, माझा हात पुढे गेला. तिने पाहिलंच नाही. बाराव्याला तिने टेबलावर थाप मारली. केंद्रातल्या ताईंनी वॉकर उलटा केला. “अहो मावशी, चारही रबरं झिजवलीत की!” “मग काय, शोभेला ठेवायचा होता?” ताईंनी नवी रबरं बसवली. आईने वॉकर काकांपुढे ठेवला. “घ्या. चांगला चालायला शिकलाय माझ्याकडे.”