सवयीचा उतार

कुवरसिंगच्या जुन्या पिकअपला बूस्टरचे नवे ब्रेक बसवून युसूफ मिस्त्री चाचणीसाठी शेजारी बसले. पाल गावच्या घाटउतारावर पेडल पायाच्या अंगठ्यानेही दबत होते. खुशीत कुवरसिंगने सवयीप्रमाणे इंजिन बंद केले. “डिझेल फुकट शे का, मिस्त्रीभाऊ?” मिस्त्रींच्या तोंडचे पाणी पळाले. या ब्रेकला बळ चालू इंजिनातूनच मिळते, हे सांगायचे राहून गेले होते. वळणापलीकडे कुवरसिंगची बायको बुधीबाई टोपली घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. त्याने ब्रेक दाबला. गाडी जराशी मंदावली. पुन्हा दाबला, तर पेडल दगडासारखे घट्ट झाले होते. तो ओरडला, ती हसली, हलली नाही. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी तिच्या पदराला टेकून थांबली. “पहिले बाजूले पळनं पडे,” ती म्हणाली, “आते नवा ब्रेक झकास शे.” कुवरसिंगचा पाय पेडलवरून निघेना.