नाटकातली बायको

फोन ठेवून सुपरवायझरने कारागिराचा जुना अर्ज शोधून काढला. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात एकच शब्द होता. नाही.

"पाचपर्यंत कोणीतरी घरचं माणूस हवंय सहीला," तो म्हणाला. "नाहीतर इस्पितळवाले बेवारस म्हणून नोंद करणार."

सकाळी कामावर येताना कारागीर बसथांब्यावरच कोसळला होता; इस्पितळात पोचेपर्यंत गेला. खिशात कारखान्याचं ओळखपत्र तेवढं सापडलं. चौदा वर्षं चष्म्याच्या काचा घासलेला माणूस असा बेवारस जावा, हे सुपरवायझरच्या गळी उतरेना.

तपासणीच्या टेबलावर बाई काचा दिव्यासमोर धरून पाहत होती. बातमी ऐकून तिचा हात थांबला. मग तिने पुढची काच उचलली.

"दगड आहे नुसती," पॅकिंगच्या मावशी पुटपुटल्या. "माणूस गेला तरी हिचं वैर सुटेना."

दोघांचा छत्तीसचा आकडा सगळ्यांना ठाऊक होता. त्याच्या जितक्या काचा ती परत पाठवायची, तितक्या कोणाच्याच नाही. आज तो आला नाही तर सकाळपासून तिनेच दोनदा येऊन विचारलं होतं. सुपरवायझरला ती चुगली वाटली होती.

म्हणूनच तर कारखान्याच्या स्नेहसंमेलनाच्या नाटकात त्याने या दोघांना जोडीला उभं केलं होतं. नाटक त्याचंच, विनोदी. भाड्याची खोली मिळावी म्हणून नवरा-बायकोचं सोंग घेणारे दोन अनोळखी लोक. "नवरा-बायको दोघांना कामावर ठेवायला मालकांची मनाई. निदान रंगमंचावर तरी एक जोडपं दिसू दे," असं म्हणून त्याने टाळ्या घेतल्या होत्या. तालमीत मात्र कपाळाला हात लावायची वेळ आली. "अहो, हात धरायचाय, विंचू नाही!" प्रयोगाला लोक हसून हसून लोळले, ते त्यांच्या अवघडलेपणालाच.

"बाई, चला माझ्याबरोबर," सुपरवायझर म्हणाला. "त्याचं घर तरी बघू. एखादं पत्र, कोणाचा नंबर सापडेल. नाटकात का होईना, बायको होतात त्याच्या."

मावशींना हसू फुटलं. लगेच त्यांनी जीभ चावली.

बाईने टेबलावरचा दिवा मालवला आणि ती निघाली.

गाडीत तोच बोलत राहिला. "घरी कोण असतं, जेवतोस कुठे, एवढं तरी विचारायला हवं होतं हो मी. चौदा वर्षांत एकदाही नाही विचारलं."

"सांगितलं नसतं त्यांनी."

"का? मी काय खाणार होतो?"



चौथ्या मजल्यावर दाराला कुलूप होतं. शेजारचं दारही बंद. सुपरवायझरने घड्याळ पाहिलं. सव्वाचार.

"तोडावंच लागणार," तो म्हणाला. "आपण त्याचे कोण, पण इलाज नाही. खाली हातोडी मिळते का बघतो."

तो दोन-तीन पायऱ्या उतरला असेल.

"तोडू नका, साहेब," मागून आवाज आला. "सही मी करीन."

त्याने वळून पाहिलं. बाईने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला होता. त्यातली एक तिने न पाहताच निवडली आणि कुलपात घातली.