रविवारची सुई

चर्चमधल्या उपासनेची घंटा वाजत असतानाच शामुवेल पाळकांच्या झग्याचं गळ्याजवळचं बटण तुटून हातात आलं. त्यांनी सुनेला, मार्थाला हाक मारली आणि लगेच जीभ चावली.

मागच्याच रविवारी ती बाळाचं झबलं शिवायला बसली होती. “शब्बाथाला, विसाव्याच्या दिवशी, सुई? काम करणं हे पाप आहे,” असं दरडावून त्यांनी तिला सगळे टाके उसवायला लावले होते. उसवणं हेही कामच, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

बटण पाहून मार्था सुईदोरा घेऊन आली.

“अगं, आज रविवार...”

“पाप लागलं तर मला लागू दे, बाबा. मान वर करा.” तिनं टाके घातले आणि वाकून दातांनी दोरा तोडला.

दहा आज्ञांवरचं प्रवचन त्यांना तोंडपाठ होतं, पण व्यासपीठावर हात सारखा त्या बटणाकडेच जात राहिला.

घरी येताच, झगाही न काढता ते खिडकीपाशी बसले आणि डोळे बारीक करून सुईत दोरा ओवू लागले. जमलं एकदाचं. उसवलेलं झबलं त्यांनी सुनेपुढे ठेवलं.

“घे पोरी, शिव. या खेपेला पाप मला लागू दे.”