आईचे डोळे

आईचा एकच फोटो उरला होता, तोही जुन्या मोबाइलमधला, टपाल तिकिटाएवढा. केतकीने फोटो मोठे करायचं फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर तळहात ठेवला. फोटोत नसलेले बारकावे ते माणसाच्या आठवणीतून भरून काढत असे. आईचा चेहरा मोठा झाला, पण डोळे पुसटच राहिले. 'आणखी कुणाची तरी आठवण हवी,' अशी सूचना आली.

केतकीने मिरजेला ताईला फोन केला. आईच्या आजारपणात भांडण झाल्यापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या. तरी ताई दुसऱ्याच दिवशी आली आणि तिने केतकीच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

हळूहळू डोळे उमटले. ते चक्क हसरे होते.

"आई अशी हसायची?" केतकीने विचारलं. "मला तर ती कायम रागावलेलीच आठवते."

"तुझ्यासमोर रागवायची. तू शाळेत गेलीस की तुझेच उद्योग सांगून हसायची."

केतकीचे डोळे भरून आले. "ताई, आज राहशील? मला ते सगळं ऐकायचंय."

"अगं, चार दिवसांचे कपडे घेऊनच आलेय मी," ताई म्हणाली.