दुसरा टोला

मिली अजून गवतावरच होती.

ब्रिजिटने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुन्हा बघितलं. मधलं मोठं अंगण रिकामं झालं होतं. रस्त्याकडे पाठ करून अंगणाभोवती बसलेल्या विटांच्या घरांत दिवे लागले होते. मेपलच्या झाडाखाली एक चेंडू, आणि त्याच्याशेजारी पाय पसरून बसलेली सात वर्षांची मिली.

फर्न कोर्टात पोरांना हाका मारायची रीत नव्हती. घरं बांधली तेव्हाच प्रत्येक मागच्या दाराशी एकेक पितळी घंटा टांगलेली होती. अंधारायला लागलं की ती वाजवायची. जितकी मुलं तितके टोले, थोरल्यापासून. कुठली घंटा आपली ते पोरांना नादावरून कळायचं. धाकटी पोरं तर थोरल्याच्या टोल्याला ढिम्म हलायची नाहीत. तेवढाच खेळ जास्त.

शेजारच्या थेरेसाचा थोरला मुलगा, मिलीचा भाऊ ऑगी वारला, त्या आठवड्यापासून घंटा बंद होत्या. कल्पना ब्रिजिटची. दोन्ही घरांत एकच भिंत. तिच्यापलीकडे बसून थेरेसाने रोज दुसऱ्यांची मुलं घरी बोलावलेली ऐकायची, हा विचारच तिला सहन होईना. सगळ्यांनी लगेच मान डोलावली. घंटांच्या लोलकांना कापडं बांधली गेली. ब्रिजिटच्या घंटेला बाळाचा मोजा होता. संध्याकाळी आईबाप हळूच येत, पोराचं मनगट धरत आणि कुजबुजत घरी नेत.

मिलीला कालपर्यंत तिची मावशी न्यायची. ती आज सकाळी क्लीव्हलंडला परत गेली होती.

ब्रिजिट बाहेर आली. गवत ओलं होतं.

“चल मिली, मी सोडते तुला घरी.”

“माझी घंटा नाही झाली.”

“अगं, घंटा आता सगळ्यांनीच बंद केल्यात ना, राणी.”

“माहितेय. जेरोमचे बाबा चोरासारखे येतात.” मिलीने गवताची एक काडी उपटली. “पण आमच्या घंटेला कोणी काही बांधलं नाहीये. मी रोज बघते.”

समोरच्या पायरीवरून मिसेस पलुम्बोंचा आवाज आला. “ब्रिजिट! मोजे घंटेला आणि पोर अनवाणी! वा गं शहाणी!”

ब्रिजिटने बाळाचे गार पाय मुठीत घेतले. उत्तर द्यायच्या आत थेरेसाचं दार उघडलं.

थेरेसा पायरीवर आली. अंगात नवऱ्याचा स्वेटर, केस कानामागे कसेतरी अडकवलेले. तिने गवतावर मिलीला बघितलं. मग घंटेकडे. तवा तापलाय का बघावं तसा तिने दोरीला हात लावला आणि काढून घेतला.

राहू दे, मी आणते तिला, असं ब्रिजिटला ओरडून सांगायचं होतं.

टोला पडला.

किती दिवसांनी. दोन-तीन खिडक्यांचे पडदे सरकले. मिसेस पलुम्बो दाराला धरून उभ्या राहिल्या. थेरेसाने दोरी सोडली, दोन्ही हातांनी लोलक धरला आणि उरलेला नाद तिथेच दाबून टाकला.

मिली उठली नाही.

“ऊठ बाळा,” ब्रिजिट हलकेच म्हणाली. “आईने बोलावलं ना.”

“हा ऑगीचा.” लहान मुलाला समजावावं तसं मिलीने तिला सांगितलं. “पहिला त्याचाच असतो. माझा व्हायचाय अजून.”

अंगणात इतकं शांत होतं की तिचं बोलणं थेरेसाच्या पायरीपर्यंत गेलं. थेरेसा हलली नाही. लोलक तिच्या मुठींत तसाच होता.

मिलीने बुटाची नाडी घट्ट केली, एक गुडघा गवतावर टेकला आणि धावायच्या तयारीत दाराकडे बघत राहिली.