नुसते डाग

बाप उघडउघड पक्षपाती होता. गिटारचा काचेच्या व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर थोरल्या लेकीने सुट्या भागांच्या किटमधून जुळवला, सोल्डरचा एकेक डाग देताना बोटं पोळली. धाकट्याने फक्त गिटार जोडून तारा छेडल्या आणि बाप पाहुण्यांना म्हणाला, “बघा, चिरंजीवांची कमाल.” “बाबा, बनवलाय ताईने,” धाकटा म्हणाला. “तिने नुसते डाग दिले रे. जीव तू ओतलास.” थोरलीचा आतून जळफळाट झाला. सगळे चहाला आत जाताच तिने प्लग काढला, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज काढून टाकली आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी उलट्या जोडून प्लग परत लावला. परतल्यावर धाकट्याने बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले आणि डबा असा किंचाळला, की पाहुण्यांनी कान झाकले. धाकट्याचा चेहरा पडला. ती मनातून सुखावली. बाप तिच्यावरच खेकसला, “काय करून ठेवलंस?” “वाजला तर त्याचा, बिघडला तर माझा? बोला ना, बाबा.”