जिताड्याचं डोकं

हरेशच्या घरात जिताडा मासा शिजला की त्याचं डोकं, सगळ्यात चवदार भाग, हरेशच्याच ताटात पडायचं. मग त्याची मुलगी, पूर्वी, कॉलेजात माशांच्या वाढीचा अभ्यास करायला लागली आणि पनवेलच्या बाजारातून आणलेल्या प्रत्येक लहान जिताड्याचं डोकं कालवणाआधीच तिच्या डब्यात जाऊ लागलं. हरेश धुसफुसायचा, पण पोरीच्या डिग्रीचा प्रश्न होता.

एकदा तिनं लॅपटॉपवर आईला फोटो दाखवला.

"हा माशाच्या कानातला खडा. पिल्लू असताना यावर रोज एक रेघ चढते. रुंद रेघ म्हणजे पोटभर मिळालं. या बारीक बघ, तेव्हा उपाशी होतं."

शशिकलानं त्या बारीक रेघांवर बोट ठेवलं. "कोनी इचारलं नाय, तरी सगलं लिवून ठेवतंय?"

"सगळं."

पूर्वीचा अभ्यास संपला त्या दिवशी घरात मोठा जिताडा आला. हरेश ताटावर बसला. "चला, आता डोकं परत माझं."

शशिकलानं टोपातलं डोकं काढून आपल्या ताटात वाढलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्यासमोर, त्याच्याबरोबर जेवायला बसली.

"अगं, हे काय चाललंय?"

"माज्या कानातला खडा काडून बगा कदी. या घरात आल्यापासनच्या सगल्या रेघा बारीक हायत." तिनं डोकं मधोमध फोडलं. "आजची रुंद पडनार."